कसणाऱ्याचं नाव यादीत येऊ द्या

प्रति,
मा. कृषिमंत्री आणि मा. महसूलमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : शेतकरी सन्मान निधीच्या यादीत मक्त्याने-बटईने (दुसऱ्याची जमीन भाड्याने किंवा वाट्याने घेऊन) शेती करणाऱ्यांची आणि शेतात राबणाऱ्या बायकांची नोंद होण्याबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार.

हे पत्र तुम्हा दोघांच्या नावे लिहिते आहे. शेतकऱ्याच्या खात्यात पैसे टाकणं कृषी खात्याचं काम, आणि ते कोणाच्या खात्यात पडायचे हे ठरतं महसूल खात्याच्या सातबाऱ्यावरून. गावात कोणी तक्रार घेऊन गेलं की कृषी सहायक म्हणतात तलाठ्याकडे जा, तलाठी म्हणतात योजना आमची नाही. म्हणून दोघांनी हे पत्र एकत्र वाचावं, अशी विनंती आहे.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात ऑनलाइन अर्ज भरायचं केंद्र चालवते. पीएम किसानची ई-केवायसी, आधार बँकेला जोडणं, फार्मर आयडी, पीक विमा, वारस नोंदीचा अर्ज, सगळं माझ्याकडे येतं. त्यामुळे कोणाला हप्ता पडला आणि कोणाला नाही, हे मला गावात सगळ्यात आधी कळतं. जमीन ज्याच्या नावावर आहे त्याला हप्ता पडतो, आणि ती जमीन यंदा ज्याने नांगरली, पेरली, निंदली त्याला बहुतेक वेळा पडत नाही. या एकाच गोष्टीविषयी मला बोलायचं आहे.

पीएम किसान योजना २४ फेब्रुवारी २०१९ रोजी सुरू झाली. वर्षाला ६,००० रुपये, २,००० चे तीन हप्ते. आधी दोन हेक्टरपर्यंतच्यांना होती, मग जूनपासून सगळ्या जमीनधारकांना लागू झाली. त्यात महाराष्ट्राने २०२३ च्या अर्थसंकल्पात नमो शेतकरी महासन्मान निधीचे आणखी ६,००० घातले, आणि त्याचा पहिला हप्ता ऑक्टोबर २०२३ मध्ये शिर्डीच्या कार्यक्रमात ८६ लाखांवर शेतकऱ्यांसाठी जाहीर झाला. आमच्या भागाशी तर या हप्त्यांचं नातंच आहे. पीएम किसानचा सोळावा हप्ता २८ फेब्रुवारी २०२४ ला पंतप्रधानांनी यवतमाळहून सोडला, आणि अठरावा ५ ऑक्टोबरला शेजारच्या वाशीमहून.

हे पैसे थोडे आहेत म्हणून मी त्यांना नावं ठेवणार नाही. २,००० च्या हप्त्यात आज डीएपीची एक बॅग (१,३५० रुपये) आणि बीटी कपाशीचं एक पाकीट (२०२५ मध्ये ९०१ रुपये) मिळूनही येत नाही, हे खरं. पण मृगात हातात पैसा नसताना तो हप्ता पडला तर बियाणं उधारीवर उचलावं लागत नाही, आणि उधारीचा भाव नगदीच्या भावापेक्षा नेहमीच चढा असतो. केंद्र सरकारने योजना आणली तीच मुळी शेतीला लागणाऱ्या निविष्ठांच्या खर्चाला हातभार म्हणून. मग बियाणं-खत ज्याच्या खिशातून जातं, त्याच्या खिशात हा हातभार पोचायला नको का?

आमच्याकडे शेताचा मक्ता पाडव्याच्या सुमारास ठरतो. एकराला इतके रुपये, जमीन काळी की भरड, ओलिताची की कोरडवाहू, त्याप्रमाणे. बहुतेक पैसे आगाऊ द्यायचे. मराठवाड्यात बटई जास्त चालते, पश्चिम महाराष्ट्रात वाट्याने किंवा खंडाने करतात. नावं वेगळी, पण कागद कुठेच होत नाही. सगळा व्यवहार तोंडी. आणि कागद नाही म्हणून पुढचं एकही दार कसणाऱ्यासाठी उघडत नाही. बँक पीककर्जाला सातबारा मागते, म्हणून तो कृषी केंद्रावाल्याकडे किंवा सावकाराकडे जातो. पीक विम्यात भाड्याने शेती करणाऱ्याला भाग घेता येतो खरा, पण त्यासाठी नोंदणीकृत भाडेकरार लागतो. तो कोण करून देणार? अतिवृष्टीत पीक वाहून गेलं तर पंचनामा खातेदाराच्या नावाने होतो. २०२५ च्या पावसाळ्यात मराठवाडा, विदर्भ आणि सोलापूरकडच्या शेतांची जी दैना झाली त्यावर सरकारने ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं, कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० असा दरही ठरला. ती मदत सातबाऱ्यावरच्या खात्यात गेली. ज्याचं सोयाबीन शेंगेतच सडलं, त्याने मक्ता तर आधीच भरलेला होता.

कापूस विकतानाही तेच. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) केंद्रावर हमीभाव हवा (२०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याला क्विंटलमागे ८,११० रुपये) तर ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी, त्यासाठी जमिनीचा उतारा आणि त्यावर कापसाची नोंद. मक्त्याने करणाऱ्याला दोनच वाटा उरतात. मालकाच्या नावाने माल घालायचा आणि चुकारा मालकाच्या खात्यातून कधी हाती येतो त्याची वाट बघायची, नाहीतर खेडा खरेदीत व्यापारी म्हणेल त्या भावाने मोकळं व्हायचं. आमच्या गावातले कितीतरी जण दुसरी वाट धरतात, कारण सावकार थांबत नाही.

आणि तो खचला, त्याने जीव दिला, तर? आत्महत्याग्रस्त कुटुंबाला मिळणाऱ्या एक लाखाच्या मदतीसाठी शेतजमीन कुटुंबात कोणाच्या तरी नावे असावी लागते, कर्ज मान्यताप्राप्त संस्थेचं किंवा परवानाधारक सावकाराचं असावं लागतं. भूमिहीन बटईदाराजवळ यातलं काहीच नसतं. देशातल्या आत्महत्यांची जी अधिकृत आकडेवारी दरवर्षी निघते, तिच्या व्याख्येत दुसऱ्याची जमीन भाड्याने कसणाराही शेतकरी म्हणूनच धरला आहे. म्हणजे मेल्यावर तो शेतकरी म्हणून मोजला जातो आणि जिवंतपणी एकाही यादीत सापडत नाही. हे लिहिताना माझा हात जड होतो, पण मंत्रालयातल्या कोणीतरी हे वाक्य वाचावं असं मला फार वाटतं.

२०१७ च्या पावसाळ्यात आमच्याच जिल्ह्यात कपाशीवर फवारा मारताना विषबाधा होऊन २० हून अधिक माणसं गेली. त्यांत मजुरीने फवारणारे होते. पाठीवर पंप कोणाच्या होता आणि सातबारा कोणाच्या नावे होता, हे त्या वर्षी सगळ्या देशाने बघितलं होतं.

मालकावर माझा राग नाही, हे इथेच स्पष्ट करते. मक्त्याने जमीन देणारे सगळेच मोठे जमीनदार नाहीत. कोणी म्हातारं जोडपं असतं ज्यांची मुलं पुण्याला कंपनीत आहेत, कोणी विधवा असते, कोणाजवळ बैलजोडी नाही नि ट्रॅक्टरचं भाडं परवडत नाही. त्यांचा हप्ता काढून घ्या असं मी म्हणतच नाही. त्यांना कागद करायची भीती वाटते, आणि ती भीती खोटी नाही. ‘कूळ लागेल’ हे दोन शब्द आमच्याकडे अजून घराघरात बोलले जातात. १९४८ च्या कुळवहिवाट कायद्याने, आणि त्यात १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरल्यावर, कसणाऱ्या कुळाला मालक केलं. विदर्भात १९५८ चा वेगळा कायदा आला, मराठवाड्यात हैदराबादचा १९५० चा होता. त्या कायद्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्या माणसांना जमीन दिली, आणि त्याबद्दल मला आदरच आहे. पण आज त्याच कायद्याच्या धास्तीने मालक दरवर्षी मक्तेदार बदलतो, कागदावर त्याचं नाव येऊ देत नाही, आणि ज्यांच्यासाठी कायदा झाला त्यांचीच नातवंडं नोंदीतून पुसली जातात.

यातून वाट काढता येते, कारण इतरांनी काढून बघितली आहे. आंध्र प्रदेशने २०११ मध्येच परवानाधारक शेतकऱ्यांचा कायदा करून कसणाऱ्याला कर्जासाठी ओळखपत्र देणं सुरू केलं. मग २०१९ मध्ये पीक लागवडदार हक्क कायदा आणला : ११ महिन्यांचं कार्ड, त्यावर पीककर्ज, विमा, नुकसान भरपाई, आणि मालकीला कसलाही धक्का नाही असं कायद्यातच लिहिलेलं. तिथल्या रयतु भरोसा योजनेत अनुसूचित जाती-जमाती, मागास आणि अल्पसंख्याक समाजातल्या भूमिहीन कसणाऱ्यांना वर्षाला १३,५०० रुपये मिळत होते. त्या कायद्यात एक उणीव राहिली. कार्डासाठी मालकाची संमती लागायची, आणि ती पुष्कळांना मिळाली नाही. आपण तीच चूक करायचं कारण नाही. ओडिशाने कालिया योजनेत वाट्याने करणाऱ्यांना आणि भूमिहीन कुटुंबांनाही धरलं. पश्चिम बंगालच्या कृषक बंधू योजनेत नोंद असलेला बर्गादार, म्हणजे वाट्याने कसणारा, येतो. निती आयोगाने २०१६ मध्ये जमीन भाडेपट्ट्याचा आदर्श कायदाच तयार करून राज्यांपुढे ठेवला आहे. महाराष्ट्राला यातलं काही नवं नाही. उलट, आपल्याच जुन्या सातबाऱ्यावर, पिकांच्या नोंदीत, ‘जमीन करणाऱ्याचे नाव’ असा रकाना असायचा. माझ्या केंद्रात लोक जुने पिवळे पडलेले उतारे आणतात, त्यावर तो आजही दिसतो.

आता बायकांबद्दल, आणि इथे मला जास्त वेळ थांबायचं आहे.

गावाकडे काम करणाऱ्या दर चार बायांपैकी तिघी शेतीत राबतात. कपाशी टोबणं, निंदण, वेचणी ही कामं आमच्याकडे बायांचीच. पण २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीधारकांमध्ये बायका जेमतेम १४ टक्के. हा प्रश्न महाराष्ट्राने फार आधी ओळखला होता. १९८६ च्या चांदवडच्या अधिवेशनात शेतकरी संघटनेने लाखो बायांना एकत्र आणलं, पुढे लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, गावोगाव नवऱ्यांनी आपल्या हाताने बायकोच्या नावे जमीन केली. १९९२ मध्ये सरकारने परिपत्रक काढून सातबाऱ्यावर नवऱ्यासोबत बायकोचं नाव लावायची सोय केली. आज तीस वर्षांनंतर माझ्या केंद्रात त्या सोयीचा अर्ज घेऊन येणारी बाई विरळाच. बहुतेकींना ती सोय आहे हेच ठाऊक नाही.

आणि आता तर आपल्याच योजनांचं गणित बाईला शेतकरी होण्यापासून मागे ओढतं. कृपा करून हा हिशोब नीट बघा. जमीन नवऱ्याच्या नावे असेल तर त्याला दोन्ही सन्मान निधींचे मिळून महिन्याला १,००० पडतात, आणि बायकोला लाडकी बहीणचे १,५००. घरात २,५०० आले. आता तीच जमीन बायकोच्या नावे असेल तर? तिला सन्मान निधीचे १,००० मिळतात, म्हणून लाडकी बहीणमधून फक्त फरकाचे ५०० दिले जातात. घरात १,५०० आले. म्हणजे बायकोला शेतकरी म्हणून नोंदवलं की घराचे वर्षाला १२,००० कमी होतात. कोणता नवरा, कोणती सासू आता सातबारा सुनेच्या नावे करायला तयार होईल?

नवरा गेलेल्या बाईचं त्याहून वाईट. ती वारस नोंदीसाठी तलाठी कार्यालयाच्या चकरा मारते, दिरांची समजूत घालते, फेरफार मंजूर करून घेते, ई-केवायसी करते, आणि शेवटी हप्ता सुरू झाला की लाडकी बहीणचे १,००० कापले जातात. आधी १,५००, नंतरही १,५००. शेतकरी म्हणून सरकार तिला जे देतं ते बहीण म्हणून परत घेतं. अशी एक बाई माझ्यासमोर मोबाइलवरचे दोन मेसेज पुन्हा पुन्हा वाचत बसली होती. तिला काय समजावून सांगावं ते मला सुचलं नाही, कारण समजावण्यासारखं त्यात काही नव्हतंच. महिन्याचा आधार आणि पेरणीचा खर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीतून दुसरी वजा करू नये. निदान जिच्या नावे सातबारा आहे आणि जी स्वतः शेती करते तिच्यापुरती ही वजावट थांबवा. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे शेतकरी महिलांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं आहे. आपल्या राज्याने त्याची सुरुवात या एका दुरुस्तीने करावी.

महसूल विभागाने २०२५ मध्ये ‘जिवंत सातबारा’ मोहीम राबवली, मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावली, हे काम मनापासून चांगलं झालं. ती मोहीम दरवर्षी व्हावी, आणि वारसात विधवेचं नाव लागलं की नाही हे तपासल्याशिवाय फेरफार मंजूर होऊ नये. मुलांची नावं लागतात आणि आई ‘समजून घेते’, हे मी पुष्कळ पाहिलं आहे.

सरकारला कसणारा माणूस दिसतच नाही असंही नाही. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा योजनेत खातेदारासोबत कुटुंबातली खातेदार नसलेली एक व्यक्तीही धरली आहे. साप चावतो तो सातबारा बघून चावत नाही, हे तिथे मान्य झालं. २००७ च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणाने तर मालकीची अट न ठेवता बटईदार, कूळ, शेतमजूर, पशुपालक या सगळ्यांना शेतकरी म्हटलं. कृषिशास्त्रज्ञ एम. एस. स्वामिनाथन यांनी राज्यसभेत महिला शेतकऱ्यांच्या हक्कांचं खासगी विधेयक आणलं, त्यात ग्रामसभेच्या शिफारशीवर बाईला शेतकरी असल्याचं प्रमाणपत्र द्यायची तरतूद होती. ते २०१३ मध्ये बारगळलं. पण ती कल्पना आजही उचलता येईल.

तुमचे अधिकारी म्हणतील की अशाने बोगस नावं घुसतील. ही शंका मी बाजूला सारत नाही. एक रुपयातल्या पीक विम्यात काय झालं आणि ती योजना २०२५ मध्ये का बंद करावी लागली ते मला माहीत आहे. पण सातबाऱ्याची अट असतानाही बोगसगिरी थांबली नव्हती. पीएम किसानमध्ये २० लाखांवर अपात्र लोकांना सुमारे १,३६४ कोटी रुपये गेल्याचं २०२१ च्या सुरुवातीला माहिती अधिकारातून बाहेर आलं, आणि त्यांतले निम्म्याहून अधिक आयकर भरणारे होते. खोटं नाव मुंबई-दिल्लीच्या संगणकावरून पकडणं कठीण, गावात फार सोपं. कोणाचं शेत यंदा कोणी केलं हे गावातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं.

म्हणून ई-पीक पाहणीच्या ॲपमध्ये ‘प्रत्यक्ष कसणारा’ हा रकाना परत आणा. शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढावाच लागतो, त्यात कसणाऱ्याचं नाव आणि आधार जोडता येईल. त्या हंगामातल्या नावांची यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा आणि ग्रामसभेत वाचून दाखवा, मालकासमोर आणि मक्तेदारासमोर. हरकत असेल तर तिथेच ऐका. मालकाची सही मागू नका, पण या नोंदीवरून कूळहक्क लागणार नाही असं कायद्यात एका वाक्यात लिहून द्या, म्हणजे त्याची झोप उडणार नाही. फार्मर आयडीचंही तसंच. १५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांना ती सक्तीची झाली, आणि ती जमिनीच्या नोंदीवर बेतलेली आहे. कसणाऱ्याला एका हंगामाची फार्मर आयडी दिली नाही तर आज ज्या दारांवर तो अडतो त्या सगळ्यांना यापुढे एकच कुलूप लागेल.

पीएम किसानचे निकष दिल्लीत ठरतात, ते तुमच्या हातात नाहीत. नमो शेतकरी मात्र पूर्णपणे आपल्या राज्याची योजना आहे. तिने पीएम किसानचीच यादी उचलली, कारण ती तयार होती. २०२४ च्या निवडणुकीत सन्मान निधी १२,००० वरून १५,००० करू असं आश्वासन तुमच्या महायुतीने दिलं होतं. ते जेव्हा पाळाल तेव्हा वाढीव ३,००० आधी कसणाऱ्यांच्या नव्या यादीला द्या. एखाद्या तालुक्यात, कापसाच्या किंवा सोयाबीनच्या पट्ट्यात, एका खरिपात हे करून बघा. आमच्या तालुक्यात करायचं ठरवलंत तर माझ्यासारखे केंद्रचालक, बचत गटाच्या बाया, कृषी सखी सगळ्या मदतीला येऊ, त्यासाठी वेगळं मानधन मागणार नाही.

पुढच्या पाडव्याला इथे पुन्हा मक्ते ठरतील आणि पुन्हा तोंडीच ठरतील. त्याआधी शासन निर्णय निघाला तर त्या व्यवहारात पहिल्यांदा कागद येईल. या पत्राचं उत्तर मला वैयक्तिक नको आहे. ते शासन निर्णयाच्या रूपाने यावं, म्हणजे त्याची प्रत मी केंद्राच्या दारावर लावीन.

आपली,
यवतमाळ जिल्ह्यातील एक केंद्रचालक